अनवाणी माणसाचे बूट

१३ ऑक्टोबर, रविवार

गजूनं फोनवर बजावलं आहे की रोज किती चाललो आणि किती दम लागला, एवढंच लिहायचं. एवढंच लिहायचं असतं तर भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या असत्या, वहीचं काय काम? वही आणलीच आहे तर मनातलंही लिहीन. वाचायला कोण बसलंय! तानुबाईला, म्हणजे आमच्या मंडळीला, माझं अक्षर लागत नाही, आणि लागलं असतं तरी तिला वेळ नाही.

तर झालं असं. गजू म्हणजे आमचा एकुलता गजेंद्र. टांझानियाला जाऊन त्याला सहा वर्षं होत आली. आधी ठिबकच्या कंपनीत होता, आता तिथल्याच एका भागीदाराबरोबर गाडी घेऊन लोकांना हत्ती-सिंह दाखवायचं काम सुरू करतोय. सफारी म्हणतात त्याला. जोडीला किलिमांजारो नावाच्या डोंगरावरही नेणार. जानेवारीच्या शेवटी पहिली फेरी, आणि पहिले पाहुणे आम्ही दोघं. डोंगराच्या टोकापर्यंत नाही, दुसऱ्या मुक्कामाच्या झोपड्यांपर्यंत चढायचं आणि उतरायचं. "बाबा, तुम्ही वावरातले माणसं, तुम्हाले जमते," म्हणाला. मी घसा खाकरेपर्यंत तानुबाईनं "हाव, येतो" सांगूनही टाकलं होतं.

आता खरी अडचण. माझ्या पायात गेली चार वर्षं काही नाही. त्या साली गजूला तिकडे मलेरिया झाला आणि तो मेंदूपर्यंत गेला. त्याच्या फोनवर कोणी परका माणूस इंग्रजीत बोलायचा, आम्हाला एक अक्षर कळायचं नाही. तेव्हा मी गजानन महाराजांना बोललो, की पोरगा सुखरूप येऊन या घरचा उंबरठा ओलांडेल त्या दिवशी पायताण घालीन, तोवर अनवाणी. पोरगा वाचला. घरी मात्र आला नाही. आधी नोकरी बदलली, मग सुट्टी मिळेना, मग हा धंदा. नवस अर्धा फळला, अर्धा लोंबकळत राहिला.

लोक हसतात, हसू देत. माझं नावच उकंडराव. माझ्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून मी जन्मलो तेव्हा आईनं मला उकिरड्यावर लोळवलं, नाव उकंड्या ठेवलं, आणि मी जगलो. नवसानं जगलेल्या माणसाला नवस खोटा असतो हे कोणी शिकवू नये. आई म्हणायची, ज्याच्यासाठी नवस केला त्याच्या कानावर तो पडू देऊ नये, त्यातला जोर उतरतो. म्हणून गजूला यातलं काही माहीत नाही. व्हिडिओवर माझं तोंड दिसतं, पाय कुठे दिसतात?

आणि मी त्याला एकदाही 'घरी ये' म्हणालेलो नाही, हेही लिहून ठेवतो. मागून घेतलेलं येणं नवसात धरत नसतात. त्यानं आपल्या मनानं यायला पाहिजे. तो विचारतो, "बाबा, सगळं ठीक ना?" मी म्हणतो, "इकडची काळजी नको करू, तू तुह्यं काम पाह्य." चार वर्षं हे एक वाक्य मी सांभाळलं आहे.

चालणं : घर ते वावर. दम : नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

बूट आले. गजूनं तिकडून मागवले, बुलढाण्याच्या कुरिअरवाल्याकडून नारायणराव घेऊन आला. नारायणराव आमचा शेजारी, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. जगातल्या प्रत्येक घाटाबद्दल त्याचं मत ठाम असतं, न पाहिलेल्या घाटाबद्दल जास्त ठाम.

तानुबाईनं लगेच मोजे चढवले, लुगडं वर खोचलं आणि बूट घालून ओट्यावर ठकठक करत फिरली. "पाय कोंडल्यावाणी वाटते," म्हणाली, पण उतरवायला काही तयार नव्हती.

गजूचं म्हणणं, नवा बूट थेट डोंगरावर न्यायचा नाही. आधी घरात घालायचा, मग रस्त्यावर, मग पाठीवर वजन घेऊन घाटात. पायाला बुटाची ओळख झाली पाहिजे, नाहीतर उतरताना फोड येतात, नखं काळी पडतात आणि माणसाला उचलून खाली आणावं लागतं.

"बाबा, तुमचे बसले का?"

"मस्त बसले," मी म्हणालो. खोकं उघडलंसुद्धा नव्हतं. नारायणरावनं माझ्याकडे पाहिलं आणि मग छताकडे.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

एक गंमत. हा पोरगा पूर्वी महिन्यातून एकदा फोन करायचा. पाऊसपाणी विचारायचा, बरं म्हणायचा, ठेवून द्यायचा. आता रोज संध्याकाळी फोन! परवा मोज्यांवर बोलला. सुती नको, घाम धरतात, लोकरीचे घ्या. काल कपड्यांच्या रंगावर. काळा आणि गडद निळा अजिबात नको, तिकडची एक माशी त्याच रंगावर येऊन बसते आणि कडकडून चावते. मातकट, खाकी घ्या. तानुबाईचं आवडतं लुगडं नेमकं गडद निळं, त्यामुळे घरात थोडा शोक झाला. आज प्लास्टिकवर. तिकडे कॅरीबॅग चालत नाही, विमानतळावरच काढून घेतात. तानुबाईनं जुन्या साड्या फाडून पिशव्या शिवायला घेतल्या आहेत. एकीत ज्वारीचं पीठ, एकीत जवसाची चटणी, एकीत सांडगे. मी म्हटलं, हत्तीला सांडगे देणार का? तर म्हणाली, पोराले देईन, हत्ती तुम्ही सांभाळा.

मोज्यांवर अर्धा तास कोणी बोलतं का? मला वाटतं त्याला धंद्याची धास्ती आहे, पहिलीच फेरी चुकायला नको. मीही मग रोज एखादी शंका काढून ठेवतो, म्हणजे त्याला बरं वाटेल. आज विचारलं, टॉर्च डोक्याला बांधायची ती टोपीच्या वरून की खालून? त्यानं स्वतः बांधून दाखवली, दोन्ही तऱ्हांनी. बराच वेळ तसाच टॉर्च बांधून बसला होता, काढायची आठवणच राहिली नाही त्याला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काल मुंबईत पिवळ्या तापाची सुई टोचून घेतली, आज मलकापूरला उतरून घरी. तिकडच्या दवाखान्यात दारावरचा शिपाई म्हणाला, "काका, चप्पल गाडीत चोरीला गेली का?" मी म्हटलं, "नाही, देवाकडं गहाण हाय." तो हात जोडून बाजूला झाला. डॉक्टरीणबाईंनी मात्र माझे पाय नीट पाहिले. त्या झोपड्यांपाशी पहाटे दव गोठतं म्हणाल्या, बूट, मोजे, हातमोजे सगळं जवळ ठेवा. मी मान हलवली.

परतीच्या गाडीत तानुबाईनं विचारलं, "तुम्ही येणार ना?"

"पाहू."

"पाहू म्हणजे?"

"पाहू म्हणजे पाहू."

ती जी खिडकीकडे तोंड करून बसली ती भुसावळपर्यंत. बाईमाणसाला सगळं लगेच ठरलेलं पाहिजे असतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

राजूर घाट चढून आलो. पाठीवरच्या पिशवीत हरभरा भरला होता, वजनाला. तानुबाई बुटात, मी तसाच. गजूनं सांगितलंय की डोंगरात हळूहळू चालायचं, तिकडे 'पोले पोले' म्हणतात, जो घाई करतो त्याला वरच्या विरळ हवेत डोकेदुखी आणि ओकाऱ्या होतात. तानुबाईचं हळू म्हणजे माझ्या पुढेच. वळणावर थांबून ती खाली दिसणारा मलकापूरकडचा मुलूख पाहत होती. चेहरा लाल झाला होता. "मले वाटलं नव्हतं मी अजून इतकी चालू शकते," म्हणाली. साठीला टेकलेली बाई, पण बूट घातल्यापासून तिची चालच बदलली आहे. मी म्हटलं, उतरताना गुडघे बोलतील तेव्हा कळेल.

गुडघे काही बोलले नाहीत. माझाच अंगठा ठेचाळला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

काल तानुबाई वांगी घेऊन बुलढाण्याच्या बाजारात गेली होती. घरात कोणी नव्हतं. मी खोकं काढलं आणि डावा बूट पायात घातला. का घातला ते मला सांगता येत नाही. उजव्याला हात लावला नाही, नाडीही बांधली नाही. उभा राहिलो तर पायाला जमीनच कळेना, डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं झालं. ओट्यापर्यंत गेलो, परत आलो, काढून ठेवला.

संध्याकाळी गजूचा फोन आला नाही.

तानुबाईनं लावून पाहिला, लागला नाही. आज सकाळी पुन्हा लावला, लागला नाही. तिकडची बाई तिकडच्या भाषेत काहीतरी सांगत होती. माझे हात गार पडले. मी तानुबाईला सगळं सांगून टाकलं, बुटाचं. वाटलं, हसेल. हसली नाही. माझ्या हातांकडे पाहत बसली.

दुपारी फोन आला. गाडी घेऊन रान पाहायला गेला होता, तिथे रेंज नसते. "बाबा, तुमचा आवाज असा काऊन येऊन राह्यला?" म्हणाला. मी म्हटलं, सर्दी.

आता ठरलं. खोकं माळ्यावर टाकलं. तानुबाईनं जावं, मी जाणार नाही. माझ्या हौसेपायी पोराच्या जिवाशी खेळ नको.

३ डिसेंबर, मंगळवार

तानुबाईच्या हट्टापायी निवृत्ती महाराजांकडे गेलो. ते आमच्या देऊळघाटचे कीर्तनकार, पंचक्रोशीत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी एकेक तोडगा काढला. बुटाला चामडं नसेल तर ते पायताण नाहीच, कापड समजायचं. नाहीतर लाकडी खडावा घालून डोंगर चढायचा. नाहीतर चांदीच्या पादुका वाहायच्या आणि जोडपी जेवू घालायची.

मी म्हटलं, "महाराज, देवापुढं वकिली नाही करत."

त्यांना जरा लागलं. सुपारी कातरत म्हणाले, "मंग एकच राह्यते. घरातल्या दुसऱ्या कोणी तो नवस आपल्या अंगावर घेतला, तर पहिला मोकळा होते."

"नवस म्हणजे काय सातबारा हाय, फेरफार कराले?" मी असं म्हणताच बसलेले सगळे हसले.

तानुबाई दाराशी उभी होती. "असं खरंच घेता येते का महाराज?" तिनं विचारलं.

"शास्त्र मले माहीत नाही माय. लोकं घेतात."

तिला सगळ्याच गोष्टी विचारायची सवय आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

तानुबाई गल्लीतल्या बायांबरोबर एसटीनं शेगावला दर्शनाला जाऊन आली. येताना अनवाणी. चप्पल हरवली म्हणे. तिथे एवढी शिस्त, चपला नीट ठेवायला जागा, तिथे हिचीच कशी हरवते? वेंधळेपणा, दुसरं काय. पण देवळात चप्पल हरवली की साडेसाती जाते म्हणतात, तेव्हा मी काही बोललो नाही. येत्या बाजारातून नवी आणू म्हणाली. प्रसाद देताना चेहरा असा प्रसन्न होता, जणू पोरगं भेटून आलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

सामानाची बांधाबांध चालली आहे. गजूनं कडक सूचना दिली आहे की चाकांची कडक बॅग नको, मऊ पिशवी पाहिजे, कारण डोंगरावर ती हमालाच्या डोक्यावरून जाते. थंडीसाठी जाड एक कपडा नको, पातळ पातळ एकावर एक घालायचे, चढताना काढायचे, थांबलं की घालायचे. तानुबाईला चालताना घालायला पँट आणली आहे. दार लावून तिनं घालून पाहिली आणि आतून हसण्याचा आवाज आला. मला दाखवायला तयार नाही. म्हणते, तिकडंच पाह्यजा.

दोन गोष्टी मात्र मला आवडलेल्या नाहीत. एक, तिचं चालणं बंद झालं. गुडघा दुखतो म्हणते. गजूनं एवढे बूट धाडले आणि ते कोपऱ्यात धूळ खात आहेत. मी बोललोसुद्धा, की आरंभशूर आहेस. ती म्हणाली, हाव, आहे. एवढ्या लवकर कबूल करणारी बाई ही नव्हे.

दुसरी, ती सारखी माझ्या मागे लागली आहे. "आता घाला तुम्ही बूट. काही नाही होत. मी सांगून राह्यली ना." देवानं हिच्या कानात येऊन सांगितलं जसं काही! माळ्यावरचं खोकंही तिनं खाली काढून ठेवलं.

थंडीनं तिच्या टाचांना भेगा पडल्या आहेत, तेल-मेण लावून बसते. चप्पल आणायची अजून राहिली आहे. बाजारात गेली की विसरते.

२९ डिसेंबर, रविवार

मी आंधळा आहे. हे आधी लिहितो आणि मग बाकीचं.

आज तूर कापून झालेल्या तुकड्यात तानुबाई शेंगा वेचत होती. मी विहिरीवर होतो. नारायणराव धावत आला. "उकंडराव, चाला लवकर, वहिनीच्या पायात खुंट घुसला." तुरीचा कापलेला खुंट सुरीसारखा असतो, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही माहीत आहे. ती बांधावर बसली होती, पाय दोन्ही हातांत धरून. रक्त बरंच गेलं होतं. मी पाय पाहायला खाली बसलो तर तिनं मागे ओढला. नवऱ्यानं पायाला हात लावू नये म्हणून. मी ओढून घेतला.

तळव्यावर एकच जखम नव्हती. जुने काटे मोडलेले होते, टाच फाटून लाल झाली होती, अंगठ्याखाली पू होता. माझे तळवे चार वर्षांत निबर झाले. हिचे तसे झाले नव्हते, नुसते सोलवटले होते.

"चप्पल काऊन नाही घातली?" मी ओरडलो. "काऊन नाही आणली आतापर्यंत?"

तिनं पदर पायावर ओढला. नारायणराव दुसरीकडे पाहत म्हणाला, "तुम्हाले खरंच माहीत नाही का भाऊ? गल्लीतल्या सगळ्या बायाले माहीत हाय."

दवाखान्यात नेऊन जखम धुतली, धनुर्वाताची सुई दिली. घरी आल्यावर तिनं स्वतःच सांगितलं. शेगावात समाधीपुढे उभी राहून तिनं माझा नवस आपल्या अंगावर घेतला. चप्पल तिथेच एका म्हातारीला देऊन टाकली.

मी नको ते बोललो. कोणाला विचारून घेतलास, नवस माझा, बोललो मी, चाललो मी, तू कोण? ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्या नवसानं पोरगं वाचलं, हे मी बी मानते. पण मले पोरगं पाह्यचं हाय. तुम्हाले सोडून मी जाणार नाही, अन् बुटाबिगर तुम्ही येणार नाही. मंग कोणाचे तरी पाय लागणारच होते."

"अन् डोंगर? तू अनवाणी चढशील तिथं?"

"मी खाली बसीन गाडीत. तुम्ही जा त्याच्यासंगं. तो डोंगर तुम्हाले दाखवून राह्यला, मले नाही. तुम्हाले नाही समजत ते."

घाटातल्या त्या वळणावर उभी राहिलेली, लाल चेहऱ्याची हीच बाई. ती गाडीत बसणार होती.

६ जानेवारी, सोमवार

काही दिवस लिहिलं नाही. जखम भरत आली आहे.

पडल्या पडल्या एकच गोष्ट मनात येते. माझ्या नवसाला मी इतकं जपलं की घरात दुसरं माणूस चालतं, त्याचे पाय कसे आहेत, हे पाहायचं राहिलं. मला वाटायचं, त्रास मी भोगतोय, म्हणजे नवसाची किंमत मी देतोय. खरं तर तीही चार वर्षं देतच होती. लग्नाकार्यात अनवाणी नवऱ्याबरोबर जायचं, उन्हाळ्यात माझ्या पायांना लोणी लावायचं, लोकांना उत्तरं द्यायची.

निवृत्ती महाराजांना घरी बोलावून विचारलं, की तिचा नवस आता कसा उतरवायचा? ते म्हणाले, ज्यानं बोलला त्यालाच ठाऊक. यावेळी तोडगा सांगितला नाही. बहुतेक माझ्या तोंडाकडे पाहून.

मला भीती वाटते. डावा बूट घातला त्या दिवशी हात गार पडले होते, ते विसरलो नाही. पण ती बुटाची भीती धरून बसू, की डोळ्यांसमोरचे हिचे सोलवटलेले पाय पाहू?

१२ जानेवारी, रविवार

आज मी नवस मोडला. उतरवला नाही, वळवला नाही, तोडगा काढला नाही. मोडला.

सकाळी नारायणरावच्या गाडीतून दोघं राजूर घाटाच्या पायथ्याशी गेलो. तानुबाईला वाटलं, मी चालायला आलोय आणि ती सोबत बसायला. मी दोन्ही खोकी बरोबर घेतली होती. तिला दगडावर बसवलं आणि खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला.

"अवं काय करून राह्यले! लोकं पाह्यतील," ती म्हणाली. रस्त्यानं दोन मोटरसायकली चालल्या होत्या.

"पाहू दे."

जखमेवर पट्टी होती, त्यावर लोकरीचा मोजा चढवला, बूट घातला, नाडी बांधली. मग दुसरा. लग्नाला पस्तीसेक वर्षं झाली, तिच्या पायाला मी कधी असा हात लावला नव्हता. ती रडत होती आणि इकडेतिकडे कोणी ओळखीचं दिसतं का तेही पाहत होती.

मग माझे घातले. उभा राहिलो, शेगावच्या दिशेला हात जोडले आणि मोठ्यानं बोललो, नारायणरावला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "महाराज, नवस माहा होता, मीच मोडला. हिनं घेतला होता तो बी मी मोडला. जे काय द्याचं ते माह्या पायात द्या. पोराच्या नको, हिच्या नको."

काही झालं नाही. खालून एक ट्रक कण्हत वर गेला. आम्ही चढायला लागलो, पोले पोले. बूट मला जागोजागी चावत होते. नारायणराव गाडीतून मागे मागे येत सांगत होता की आता दिवस थोडे राहिले, पायांचं भजं होणार. पहिल्या वळणापर्यंत गेलो आणि तिच्या जखमेसाठी थांबलो.

संध्याकाळी घरी बसलो. फोन कधी येतो, येतो की नाही, या धाकात मी चहासुद्धा घेतला नाही. तानुबाई पिशव्यांची तोंडं शिवत होती, तिचा दोरा सारखा तुटत होता. शेवटी घंटी वाजली. गजूचा चेहरा दिसला, धडधाकट, मागे कोणाचं तरी गाडी धुणं चाललं होतं. त्यानं विचारलं, औषधांच्या गोळ्यांवर नावं लिहिली का? मी म्हटलं, लिहिली. मग म्हटलं, गजू, ऐक. आणि नवसापासून आजच्या घाटापर्यंत सगळं सांगितलं. आईचा शब्दही मोडला. आता मोडायला लागलोच होतो.

त्यानं हातानं खूण करून मागचं गाडी धुणं थांबवलं.

"बाबा," तो म्हणाला, "मलेरियातून उठलो तवा मी घरीच येणार होतो. तुम्हाले इचारलं, येऊ का? तुम्ही म्हणले, तू तुह्यं काम पाह्य. मले वाटलं, तुमच्या मनातून उतरलो मी, गाव सोडून गेलो म्हणून. मंग मी इचारणंच सोडलं."

मी तानुबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. हे तिला ठाऊक होतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

मी म्हटलं, "आम्ही येऊन राह्यलो. डोंगर दाखव. अन् परतताना तू बी चाल आमच्यासंगं. घरी ये, गजू."

हा एवढासा शब्द तोंडातून काढायला मला चार वर्षं लागली. त्यानं तोंड बाजूला वळवलं. मग फोन कुठे तरी खाली ठेवला, पडद्यावर नुसतं तिकडचं आभाळ दिसत होतं, आणि पोरगा हुंदके देऊन रडत होता ते आम्ही दोघं ऐकत बसलो.